सुकतीचा उजेड

आगाशीच्या माणसाला चांगला फोटो काढायला लडाखला जावं लागत नाही, हे मी आता ठामपणे म्हणतो. विरार स्टेशनबाहेर अर्नाळ्याची बस धरली की वाटेत आगाशी लागते. या नाक्याच्या चहूबाजूंना केळीच्या आणि पानवेलीच्या वाड्या आहेत, भवानीशंकराचं देऊळ आणि त्याचं तळं आहे, जैन मंदिर आहे, नंदाखालचं चर्च आहे. पुढे अर्नाळ्याचा कोळीवाडा, सुरूचं बन, समुद्र, आणि वैतरणेच्या मुखाशी भर पाण्यात उभा असलेला किल्ला. हौशी छायाचित्रकाराला आयुष्यभर पुरेल एवढं हे सगळं सायकलच्या टप्प्यात आहे. तरीही नवा कॅमेरा घेतलेला तरुण भेटला की तो पहिल्यांदा लांबच्या सहलीचं बोलतो. मी त्याला सांगतो, एक जागा निवड आणि तिथेच जात राहा. हात सुधारतो तो तिथे.

इतिहास थोडक्यात उरकतो. १८३९ साली पॅरिसमध्ये दागेरची फोटो काढण्याची पद्धत जाहीर झाली. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी उभी राहिली आणि डॉ. भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी तिच्या सुरुवातीच्या कार्यकर्त्यांत होते. दादासाहेब फाळकेही आधी छायाचित्रकार होते. ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चित्र घेत टिपली होती. एकाच रोपासमोर, एकाच जागी, दिवसामागून दिवस. माझ्या मते ‘एक जागा धरून बसा’ या सल्ल्याचा मराठी मुलखातला सगळ्यात मोठा दाखला हाच. पुढे अगफा क्लिक थ्री कॅमेरा घरोघरी आला. एका रोलमध्ये बारा फोटो, त्यामुळे बटण दाबण्यापूर्वी माणूस विचार करायचा. आता मोबाईलमध्ये हजार फोटो मावतात. तो विचार मात्र मुद्दाम करावा लागतो.

आता माझ्या जिव्हाळ्याच्या विषयाकडे येतो: भरती-ओहोटी. छायाचित्रणाच्या पुस्तकांत सूर्योदय-सूर्यास्ताबद्दल पानंच्या पानं असतात, पण आपल्या किनाऱ्यावर सूर्याइतकंच पाणी महत्त्वाचं. पहिल्यांदा मी अर्नाळ्याला भर दुपारी कॅमेरा घेऊन फिरत होतो तेव्हा बोंबील निवडत बसलेल्या एका कोळीणमावशीनं विचारलं, “आता काय दिसतंय तुला? सुकती लागली की ये.” सुकती म्हणजे ओहोटी. मी विचारलं, ती कधी लागेल? तिनं घड्याळ पाहिलं नाही, तिथी सांगितली.

किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना हा हिशोब तोंडपाठ असतो. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशोब तोच. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. जागेप्रमाणे थोडं मागेपुढे होतं, पण कॅमेरा घेऊन घराबाहेर पडायला एवढं पुरतं. छापील वेळापत्रक मिळतं आणि मोबाईलवरही सगळं दिसतं. तरी बोटांवर मोजून काढलेली वेळ लक्षात राहते.

यातून छायाचित्रकाराच्या हाती काय लागतं ते पाहा. पौर्णिमा आणि अमावास्येला भरती बाराच्या सुमारास, म्हणजे ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास. उजेड सगळ्यात सुंदर असतो नेमकी तीच वेळ. शिवाय ते उधाणाचे दिवस, पाणी सगळ्यात लांब हटतं. मैलभर ओली वाळू उघडी पडते आणि तिच्यावर पाण्याचा पातळ थर राहतो. सारं आकाश त्यात उतरतं. अष्टमीला याच्या उलट: सहाला पाणी किनाऱ्याशी भिडलेलं, वाळूची जेमतेम पट्टी उरलेली. ते भांगाचे, म्हणजे कमी चढ-उताराचे दिवस. तेव्हा लाटा आणि सुरूची झाडं टिपायची, प्रतिबिंबाच्या मागे लागायचं नाही. उन्हाळ्यात सूर्य सातनंतर मावळतो, म्हणून तेव्हा मी पौर्णिमेऐवजी प्रतिपदा धरतो.

कोळ्यांचं कामही याच घड्याळावर चालतं. बोंबील पकडायची डोल, म्हणजे जाळं, वाहत्या पाण्याच्या जोरावर भरते. उधाणाला पाण्याला ओढ असते, भांगाला ती मंदावते. त्यामुळे होड्या कधी जाणार, कधी परतणार, टोपल्या कधी उतरणार हे ज्याला कळलं, त्याला वाट पाहायची जागा कळली. फोटोसाठी आपण उशीर केला म्हणून होडी थांबत नाही.

ओल्या वाळूवर उभं राहून फोटो काढू नका. उकिडवे बसा, मोबाईल वाळूच्या वीतभर वर आणा. प्रतिबिंब एकदम दुप्पट लांब होतं, आणि चालत येणारी माणसं क्षितिजाच्या वर उठून आकाशावर कोरल्यासारखी दिसतात. उभ्यानं काढलेल्या फोटोत तीच माणसं मागच्या काळ्या पाण्यात हरवतात. डोक्यावर टोपली घेतलेली बाई आणि मागची होडी यांच्यामध्ये आकाशाची फट दिसेपर्यंत थांबायचं. हात आणि अंग यांच्यातही फट हवी. एवढं पाहिलं तरी काळ्या आकृतीचा फोटो वाचता येतो. क्षितिज मध्यावर नको असं सगळे सांगतात. प्रतिबिंब चांगलं असेल तर मी ते बिनदिक्कत मध्यावर ठेवतो. आणि सूर्य बुडाला की घरी निघू नका. पुढच्या वीस मिनिटांत रंग चढतात.

उजेडाचं मोजमाप कॅमेऱ्यावर पूर्ण सोडायचं नाही. कॅमेरा प्रत्येक दृश्य मध्यम करड्या छटेवर आणू पाहतो. वसई-नायगावच्या मिठागरांत मिठाची पांढरीशुभ्र रास टिपा, ती मळकट येते. तिथे उजेड मुद्दाम वाढवावा लागतो. डांबर लावलेल्या काळ्या होडीपाशी तो कमी करावा लागतो. मोबाईलवर पडद्याला बोट लावून ते वरखाली सरकवलं की झालं.

पौर्णिमेचा आणखी एक फायदा: सूर्य पश्चिमेला बुडतो त्याच सुमारास पूर्वेला चंद्र उगवतो. अर्नाळ्याच्या बेटावर उभं राहिलं तर तो विरारच्या डोंगरांवरून वर येताना दिसतो. पण फोटोसाठी मी चतुर्दशी पसंत करतो. त्या दिवशी चंद्र सूर्यास्ताच्या आधीच वर आलेला असतो, माडांवर अजून ऊन असतं, त्यामुळे जमीन आणि चंद्र दोन्ही एका मोजमापात बसतात. रात्रीच्या चंद्राचा फोटो पांढऱ्या ठिपक्यासारखा येतो, कारण आपण अंधार धरून उजेड मोजतो. चंद्रावर तर भर दुपारचं ऊन असतं! आयएसओ १००, एफ ११ आणि शटर १/१२५ ठेवा, डाग स्पष्ट दिसतील. परतीची शेवटची होडी कधी आहे ते मात्र जाताना विचारून ठेवायचं.

किल्ला मराठ्यांनी १७३७ साली घेतला आणि नव्यानं बांधला. दरवाजावरच्या शिल्पांत हत्ती आहेत, वर बाजीरावांचं नाव असलेला देवनागरी शिलालेख आहे. कोरीव अक्षरं समोरच्या उजेडात सपाट होतात. ऊन भिंतीला घासून जाईल तेव्हा, किंवा मित्राला बाजूनं टॉर्च धरायला सांगून ती टिपावीत. सकाळी बेटाची किनाऱ्याकडची बाजू उजळते, संध्याकाळी अख्खा किल्ला काळी आकृती होतो. माहितीचा फोटो सकाळी, चित्र संध्याकाळी.

वाड्यांबद्दल लिहायचं तर वेगळा लेख हवा. सुपारी-केळीच्या सावलीत डोळ्याला सुखद वाटतं, पण कॅमेऱ्याला उन्हाचे कवडसे आणि गडद सावली एकत्र झेपत नाहीत. तिथे ढगाळ दिवस उत्तम. पानांवरून परतणारा उजेड माणसांच्या चेहऱ्यावर हिरवी झाक आणतो, म्हणून चेहरा टिपायचा तर माणसाला वाडीच्या कडेला, मोकळ्या आकाशाकडे तोंड करून बसवावं.

आगाशीच्या सुकेळ्यांवर मात्र थोडं लिहितोच. पिकलेली राजेळी केळी सोलून उन्हात मांडलेली असतात. पहिल्या दिवशी ती फिकी, फुगीर. ऊन खात ती आक्रसतात, मधासारखी गडद होतात, कडेला साखर जमते. वरून काढलेल्या फोटोत यातलं काहीच कळत नाही. सकाळी सूर्य समोर ठेवून, सुकेळ्याच्या पातळीला डोळा आणून पाहा: उजेड फळाच्या आरपार येतो, आतल्या शिरा आणि बियांचे बारीक काळे ठिपके दिसतात. भिंगावर थेट ऊन पडू नये म्हणून हाताची सावली धरायची. सुकत घातलेल्या बोंबलांनाही हाच नियम. वलांडीवर ओळीनं लटकणारे बोंबील मागून उजेड आला की काचेसारखे चमकतात. समोरून उजेड असेल तर नुसती राखी रांग.

खाऱ्या हवेचा त्रास खरा आहे. किनाऱ्यावर लेन्स बदलू नये, परतल्यावर कॅमेरा किंचित ओल्या आणि मग कोरड्या मऊ फडक्यानं पुसावा. पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल टाकून ठेवणं हा स्वस्त उपाय. मोबाईलच्या भिंगावरचा बोटांचा तेलकट डाग पुसला तरी निम्मे फोटो सुधारतात.

कोळीवाड्यात आणि वाडीत लोक कामात असतात, पोटाचं काम करत असतात. आधी बोला, विचारा, नको म्हटलं तर कॅमेरा खाली घ्या. ज्यांचे फोटो काढता त्यांना छापील प्रत द्या. मोबाईलवर पाठवलेला फोटो पुढच्या शंभर फोटोंखाली जातो, कागदावरचा घरात लागतो. त्या मावशीचा फोटो मी मोठा करून दिला, तेव्हा तिनं स्वतःकडे पाहिलंच नाही. मागची होडी कोणाची ते ओळखलं, जाळं कुठे फाटलं आहे ते बोट ठेवून दाखवलं. तेव्हापासून फोटो निवडताना मी मागची बाजू आधी पाहतो.

दिवाळी या हिशोबाला सोयीची आहे. लक्ष्मीपूजनाची अमावास्या, म्हणजे ओहोटी सहाच्या आसपास. संध्याकाळी पूजा असते, तेव्हा पहाटे निघावं. पाडव्याला ओहोटी साधारण पाऊणएक तास पुढे सरकते आणि उगवत्या सूर्याशी जुळते. भाऊबीजेपर्यंत ती आणखी पुढे गेलेली असते. वाळूवर उधाणाचं पाणी फिरलं की भराभर चढतं, म्हणून लांब गेलात तर ते वळण्याआधी मागे या. त्रिपुरी पौर्णिमेला हाच हिशोब पुन्हा लागू, आणि वर चंद्रही.