मॅगपाय आणि आरसा

घरातील भिंतीवर टांगलेल्या आरशावर चिमणी पुनःपुन्हा चोच मारीत असल्याचे दृश्य खेड्यातील मुलांच्या परिचयाचे असते. आरशात दिसणारी चिमणी ही आपली जागा बळकावू पाहणारी कोणी परकी चिमणी आहे, असे समजून ती तिच्याशी भांडते. बहुतेक पक्ष्यांची हीच गत आहे. या बाबतीत निराळा म्हणून ज्याचे नाव पुढे आले, तो मॅगपाय हा पक्षी होय. इंग्रजी गोष्टींतून त्याचे नाव शिक्षकांच्या वाचनात येते. परंतु तेथे चकाकणाऱ्या वस्तू चोरणारा पक्षी एवढीच त्याची ओळख असते, आणि ती ओळख खरी नाही.

मॅगपाय हा कावळ्याच्या कुळातील पक्षी. युरोपात व आशियाच्या बऱ्याच भागांत तो आढळतो. आपल्या देशात लडाखमध्ये लेहच्या आसपास वस्तीजवळ तो सहज दिसतो. महाराष्ट्रात तो नाही. (दयाळ पक्ष्याच्या इंग्रजी नावातही मॅगपाय हा शब्द आहे, तो केवळ काळ्यापांढऱ्या रंगामुळे. दयाळ कावळ्याच्या कुळातील नव्हे. वर्गात हा घोटाळा होऊ देऊ नये.) त्याची लांबी सुमारे 45 सेंटीमीटर असते व तीत निम्म्याहून अधिक वाटा शेपटीचा असतो. डोके, छाती व पाठ काळी; पोट व खांदे शुभ्र. दुरून तो नुसता काळापांढरा भासतो. मात्र ऊन पडताच पंखांवर निळी-जांभळी व शेपटीवर हिरवी झाक उमटते. नर व मादी दिसण्यात सारखीच असतात.

त्याचे घरटे काटेरी काटक्यांचे असून आत चिखलाने लिंपलेली वाटी असते. वर बहुधा काटक्यांचेच छप्पर घातलेले असते व आत जाण्यास बाजूने वाट ठेवलेली असते. किडे, धान्य, मेलेली जनावरे यांबरोबरच हा पक्षी इतरांची अंडी व पिलेही खातो. स्वतःच्या अंड्यांविषयी मात्र तो असा दक्ष!

उरलेले अन्न जमिनीत ठिकठिकाणी पुरून ठेवण्याची त्याला सवय आहे. नंतर तो त्या जागा आठवून अन्न उकरून काढतो. लहान मुलाच्या देखत खेळणे फडक्याखाली झाकले, तर अगदी तान्हे मूल ते शोधीत नाही. काही महिन्यांनी तेच मूल फडके उचलून पाहू लागते. ही पायरी प्याजे या मानसशास्त्रज्ञाने सांगितलेली आहे. मॅगपायच्या पिलांवर असेच प्रयोग करणाऱ्या संशोधकांस 2000 साली असे आढळले की, लपविलेले अन्न परत काढण्याचे वय येते त्या सुमारास पिलांना ही समज आलेली असते.

आता चोरीच्या आळाविषयी. रोसिनी या इटालियन संगीतकाराच्या 1817 मधील एका संगीत नाटकात चांदीच्या चोरीबद्दल मोलकरणीस देहदंडाची शिक्षा होते व शेवटी चोर मॅगपाय निघतो. अशा कथांनी हा समज रूढ केला. इंग्लंडमधील एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी तो तपासला. दाण्यांजवळ चकाकणारे स्क्रू, कड्या व वर्खाचे तुकडे आणि तशाच पण निळा रंग दिलेल्या वस्तू मांडण्यात आल्या. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या या 64 चाचण्यांत पक्ष्यांनी चकाकणारी वस्तू केवळ दोनदा उचलली व लगेच टाकून दिली. उलट त्या वस्तू जवळ असता ते कमी खात. म्हणजे लोभाऐवजी भीतीच दिसून आली. आपल्याकडील आमराईत दिसणारा तांबूस, लांब शेपटीचा टकाचोर हा याच कुळातील. टका म्हणजे नाणे. त्या बिचाऱ्याच्याही नावातच चोरीचा आळ आहे!

आरशाचा प्रयोग जर्मनीतील संशोधकांनी 2008 साली प्रसिद्ध केला. पाच मॅगपायांच्या गळ्यावर, चोचीखाली, आरशाशिवाय स्वतःस दिसणार नाही अशा जागी लाल किंवा पिवळी टिकली चिकटविण्यात आली. काही पक्षी आरशात पाहून आपल्याच गळ्यावरची टिकली पायाने वा चोचीने काढू लागले, व ती निघताच थांबले. काळ्या पिसांवर काळी टिकली लावली, तेव्हा मात्र त्यांनी अशी खटपट फारशी केली नाही; यावरून नुसत्या स्पर्शाने ते टिकली काढीत नव्हते, असे अनुमान निघाले. तोवर ही परीक्षा चिंपांझी, डॉल्फिन, हत्ती अशा सस्तन प्राण्यांच्याच नावावर होती. पुढे स्पेनमधील संशोधकांनी हाच प्रयोग पुन्हा करून पाहिला. त्यांच्या 2020 सालच्या निष्कर्षानुसार त्यांच्या पक्ष्यांत स्वतःस ओळखल्याचा पुरावा मिळाला नाही. म्हणून वर्गात पहिला प्रयोग सांगून दुसरा गाळू नये.

शाळेतील चिमणी आरशाशी किती वेळ भांडते, आरशामागे डोकावते काय, याची नोंद मुलांकडून करून घेता येईल. नोंद होताच आरशावर फडके टाकावे. विणीच्या दिवसांत ती दिवसभर भांडत राहते.