खूण जुळली, टायमिंग नाही

नगरला लूनाची ओळख करून द्यावी लागत नाही. फिरोदियांच्या कायनेटिकने १९७२ साली आणलेल्या या मोपेडचं ५० सीसीचं इंजिन टू-स्ट्रोक. त्यात कॅम नाही, कॅमने उघडणारे व्हॉल्व्ह नाहीत. पिस्टनच वर-खाली होताना पोर्ट उघडतो आणि झाकतो. टायमिंग लावायचं म्हणजे ठिणगी कधी पडते ते बघायचं, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. आरएक्स १०० चंही तेच. आज सावेडी-केडगावकडच्या गॅरेजात जुन्या बुलेटला ‘परफॉर्मन्स कॅम’ टाकून घ्यायला पोरं येतात. कॅम बसल्यावर गाडी दम खाऊ लागली की मिस्त्रीचा हात सवयीने पॉइंटच्या प्लेटकडे जातो. तिथूनच घोळ सुरू होतो.

गैरसमज : टायमिंग एकच असतं, प्लेट फिरवली की जुळतं.

वस्तुस्थिती : फोर-स्ट्रोक इंजिनात टायमिंग दोन असतात. एक ठिणगीचं, दुसरं व्हॉल्व्हचं. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक होतो आणि त्या एका फेऱ्यात दोन्ही व्हॉल्व्ह एकेकदा उघडून मिटतात. प्लेट फिरवल्याने ठिणगी मागेपुढे होते, व्हॉल्व्ह तसूभरही हलत नाही. किक उलटी मारत असेल तर ठिणगी लवकर पडते आहे का, ते आधी बघावं. पण खालचा पिकअप गेला आणि वर मात्र गाडी बरी पळते, तर संशय कॅमवर घ्यावा. जुन्या बुलेटचा पॉइंट टायमिंगच्या गिअरांवरूनच फिरतो, म्हणून कॅम काढला की तोही पुन्हा लावावा लागतो. क्रम ठरलेला : आधी व्हॉल्व्ह, मग टॅपेट, शेवटी ठिणगी.

गैरसमज : गिअरवरच्या खुणा जुळल्या म्हणजे काम झालं.

वस्तुस्थिती : त्या खुणा कंपनीच्या कॅमसाठी आहेत. नवा कॅम दुसऱ्या कुणी घासलेला असतो. त्याच्या गिअरच्या चावीचा खाचा किंवा पिनचं भोक दोन-तीन अंश सरकलेलं असेल, तर खूण तंतोतंत जुळूनही व्हॉल्व्ह चुकीच्या वेळी उघडतो. चेन किंवा बेल्टच्या इंजिनात हेड घासून उतरवलं असेल, चेन ताणली असेल, तरी कॅम मागे पडतो.

म्हणून मोजायचं. क्रँकवर ३६० अंशांची चकती बसवायची आणि तारेचा काटा करायचा. पिस्टन नेमका वर कधी येतो हे प्लगच्या भोकात स्क्रूड्रायव्हर घालून कळत नाही, कारण माथ्याजवळ पिस्टन काही अंश जवळपास थांबल्यासारखा असतो. त्यापेक्षा जुन्या प्लगमधली चिनी माती काढून त्यात बोल्ट बसवा आणि तो प्लगच्या जागी फिरवा. पिस्टन हळूच त्याला टेकेपर्यंत क्रँक एका बाजूने फिरवा, आकडा लिहा. मग उलट फिरवा, पुन्हा लिहा. एकीकडे ३८ आणि दुसरीकडे ४४ आले, तर काटा असा सरकवायचा की दोन्हीकडे ४१ येतील. आता चकतीवरचा शून्य खरा.

मग बोल्ट काढून टॅपेटवर डायल गेज लावा. समजा, इनलेट १ मिलिमीटर उचलला जातो तेव्हा पिस्टन माथ्यावर यायला ६ अंश बाकी आहेत. मिटताना तेवढाच उरतो तेव्हा पिस्टन तळापासून ४६ अंश पुढे गेलेला आहे. ६ अधिक १८० अधिक ४६ म्हणजे २३२. त्याचे निम्मे ११६, त्यातून ६ वजा केले की ११०. कॅमसोबतच्या कार्डावर १०४ लिहिलं असेल, तर कॅम ६ अंश मागे आहे. खालचा दम गेला तो इथे. कार्डच नसेल, तर तो कॅम विकत घेण्याआधी दोनदा विचार करा.

गैरसमज : एक दात इकडेतिकडे करून बघू.

वस्तुस्थिती : कॅमच्या चाकाला ३४ दात असतील तर एक दात म्हणजे कॅमचे साडेदहा अंश, क्रँकचे २१. सहा अंशांची चूक काढायला एकवीस अंश हलवणं म्हणजे चष्म्याचा नंबर वाढला म्हणून दुसऱ्याच माणसाचा चष्मा लावण्यासारखं. अशा वेळी लांबट भोकांचं चाक किंवा ऑफसेट चावी लागते. उलट, मोजल्यावर चूक विसेक अंशांची निघाली तर समजावं की दातच चुकला आहे.

गैरसमज : कॉम्प्रेशन कमी दाखवतंय, म्हणजे रिंगा गेल्या.

वस्तुस्थिती : मोठा कॅम इनलेट व्हॉल्व्ह उशिरा मिटवतो. किकच्या संथ वेगात आत घेतलेली थोडी हवा तोवर उलटी बाहेर जाते, गेज कमीच दाखवतो. प्लगच्या भोकातून चमचाभर तेल टाकून पुन्हा मोजा. आकडा चांगला चढला तर रिंगांकडे वळा, नाहीतर टायमिंग तपासा. स्लोवर थोडी थडथड हीही मोठ्या कॅमची रीतच. दोन्ही व्हॉल्व्ह काही काळ एकत्र उघडे राहतात. पण कार्बोरेटरमधून फटके येत असतील तर ती रीत नव्हे, दोष आहे.

गैरसमज : स्टार्टर मारून बघू, आवाज आलाच तर खोलू.

वस्तुस्थिती : तोवर व्हॉल्व्ह वाकलेला असेल. उंच लिफ्टचा कॅम व्हॉल्व्हला पिस्टनच्या जवळ नेतो, आणि कॅम पुढे घेतला की इनलेटची जागा आणखी कमी होते. पिस्टनच्या डोक्यावर मुलांच्या खेळण्यातली चिकणमाती चिकटवून, हेड बसवून, क्रँक हाताने दोन फेरे फिरवा. हेड काढून माती कापा आणि सर्वांत पातळ जागा मोजा. इनलेटखाली साधारण २ आणि एक्झॉस्टखाली अडीच मिलिमीटर उरावेत. हाताला कुठे अडलं तर जोर लावू नका, तिथेच थांबा.

गैरसमज : इंजिन माझं, कॅम माझा, आरटीओचा काय संबंध?

वस्तुस्थिती : गाडीचं मॉडेल विक्रीला येण्याआधी त्याचा नमुना चाचणी संस्थेकडे तपासला जातो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२६व्या नियमात अशा संस्थांच्या यादीत नगरच्या व्हीआरडीईचंही नाव आहे. कॅम बदलला की धूर बदलतो, म्हणजे त्या चाचणीतली गाडी आणि रस्त्यावरची गाडी एक राहत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ फेरफाराला मर्यादा घालतं, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य फेरफारासाठी मालकाला प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

म्हणून जुना कॅम भंगारात देऊ नका. तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवा. सगळं मोजूनही गाडी ऐकत नसेल, तर एकदा तो परत बसवून बघा. त्याच्यावर गाडी नीट चालली तर दोष नव्या कॅममध्ये किंवा त्याच्या बसवण्यात. तशीच अडखळली तर इतके दिवस आपण नव्या कॅमला उगाच बोल लावत होतो. आणि हो, त्याला बसवताना चकती लागणार नाही. गिअरवरच्या खुणा त्याच्यासाठीच होत्या.