विश्रांतीने वाढणारी कंबरदुखी

आयुष्यात कधी कंबर दुखली नाही असा माणूस विरळाच. ओझे उचलणे, तासन् तास वाकून काम करणे, खड्ड्यांतून दुचाकी चालवणे यांमुळे कंबर धरते आणि थोडा आराम केला की बरे वाटते. बहुतेकांची कंबरदुखी अशीच असते. काहींच्या बाबतीत मात्र नेमके उलट घडते. आराम केला की दुखणे वाढते आणि हिंडू-फिरू लागले की कमी होते. असे दुखणे अंगावर काढू नये.

यामागे 'अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस' हा विकार असू शकतो. जंतूंशी लढणारी आपली प्रतिकारशक्ती यात आपल्याच सांध्यांवर उलटते. पाठीचा कणा कमरेच्या हाडांना जिथे जोडला जातो, तेथील सांध्यांना प्रथम सूज येते. पुढे ती कण्यात वर सरकू शकते. काही रुग्णांत बऱ्याच वर्षांनी मणके एकमेकांना जुळतात व पाठ कायमची ताठ होते.

हा विकार कसा ओळखावा?

१) दुखणे बहुधा पंचेचाळिशीच्या आत, हळूहळू सुरू होते व तीन महिन्यांहून अधिक टिकते.
२) उत्तररात्री दुखण्याने जाग येते. सकाळी कंबर आखडलेली असते व मोकळी व्हायला अर्धा तास किंवा अधिक वेळ लागतो.
३) कधी उजवा तर कधी डावा कुल्ला दुखतो.
४) टाच दुखणे, डोळा लाल होऊन उजेड सहन न होणे, सोरायसिस, आतड्यांचा दाह किंवा घरात कुणाला असाच त्रास असणे.

हा आजार फक्त पुरुषांचा, असा समज चुकीचा आहे. स्त्रियांची कंबरदुखी बाळंतपणाच्या किंवा घरकामाच्या नावावर खपते आणि निदान लांबते.

तपासण्यांबाबतही गैरसमज आहेत. 'आरए फॅक्टर' ही आमवाताची तपासणी या आजारात सहसा निगेटिव्ह येते. सुरुवातीला एक्स-रे निर्दोष दिसू शकतो. एमआरआयमध्ये सूज लवकर कळते. 'एचएलए-बी २७' या रक्ततपासणीने निदानाला मदत होते. परंतु ती पॉझिटिव्ह असणाऱ्या बहुतेकांना हा आजार कधीच होत नाही. त्यामुळे रिपोर्ट पाहून घाबरू नये.

आजार समूळ जात नसला तरी उत्तम आटोक्यात राहतो. रोजचा व्यायाम हे औषधाइतकेच महत्त्वाचे आहे. कणा ताणण्याचे व दीर्घश्वसनाचे व्यायाम आणि पोहणे फायद्याचे. विडी-सिगारेट सोडावी. सूज कमी करणाऱ्या गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्याव्यात, कारण त्या पोट व मूत्रपिंडाला अपाय करू शकतात. गोळ्या पुरेनाशा झाल्या तर 'बायोलॉजिक' इंजेक्शने देतात. त्याआधी क्षयाची तपासणी आवश्यक असते. झटपट आराम देणाऱ्या बेनावाच्या पुड्यांत स्टिरॉइड असू शकते, त्यांच्या नादी लागू नये.

कंबरदुखीबरोबर ताप व वजन घटणे असेल तर मणक्याचा क्षय असू शकतो. लगेच तपासून घ्यावे. पायांतली शक्ती कमी झाली किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

डॉक्टरांकडे गेल्यावर नुसते "कंबर दुखते" एवढेच सांगू नका. ती कधी दुखते आणि कशाने कमी होते, हेही आवर्जून सांगा. निदानाचा अर्धा रस्ता तिथेच पार होतो.