दोन कंठ, एक उच्चार : लोक-रॉक स्वरमेळाच्या पुनर्निर्मितीचा विचार

मराठीत ‘स्वर’ हा शब्द दोन अर्थांनी योजिला जातो. व्याकरणात तो अ, इ, उ इत्यादी वर्णांचा वाचक आहे; संगीतात षड्जादी सुरांचा. हे द्व्यर्थित्व एरवी घोटाळ्याचे कारण होत असले, तरी एका गायनप्रकाराच्या अभ्यासात ते मार्गदर्शक ठरते. लोकगीतांची परंपरा आणि रॉक संगीत यांच्या संयोगातून अमेरिकेत १९६५ च्या सुमारास जो लोक-रॉक प्रकार पुढे आला, त्यातील दोन-तीन कंठांचा मेळ आज अनेक हौशी गायक घरच्या ध्वनिमुद्रणकक्षात पुन्हा निर्माण करू पाहतात. यंत्रे उत्तम असतात, सूरही अचूक लागतात. तरी पुष्कळदा मेळ साधत नाही. गानस्वर जुळविले जातात, वर्णस्वर मात्र ज्याचे त्याच्याजवळ राहतात, हे त्याचे एक प्रमुख कारण होय.

कंठातून निघालेल्या ध्वनीला मुखविवराच्या आकारानुसार ठराविक कंप्रतांच्या पट्ट्यांत विशेष बळ मिळते. श्रोता ‘आ’ आणि ‘ई’ यांतील भेद ओळखतो तो या पट्ट्यांवरून. पुरुषाच्या बोलण्यात ‘आ’चा पहिला पट्टा सेकंदास सुमारे ७०० कंपनांच्या आसपास, तर ‘ई’चा सुमारे ३०० च्या आसपास असतो. एका गायकाचा ‘आ’ विवृत आणि दुसऱ्याचा किंचित संवृत असेल, तर सूर निर्दोष असूनही दोन व्यक्ती निरनिराळ्या ऐकू येतात. संयुक्त स्वरांत ही अडचण वाढते. इंग्रजीतील ‘आइ’ लांबविताना एक गायक ‘आ’वर स्थिर राहतो व दुसरा ‘इ’कडे लवकर वळतो, म्हणून वळण्याचा क्षण आधीच ठरवावा लागतो. शब्दान्तीचे ‘स्’ आणि ‘ट्’ मागेपुढे पडले, तर तेच व्यंजन दोनदा कानी येते. ते एकानेच स्पष्ट उच्चारावे, इतरांनी सौम्य करावे किंवा गाळावे, असा प्रघात आहे.

या दृष्टीने दोन उदाहरणे उद्बोधक आहेत. पॉल सायमन आणि आर्ट गारफंकल हे दोघेही १९४१ मध्ये जन्मले व न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात लहानाचे मोठे झाले. एव्हर्ली बंधूंचे गाणे हा त्यांचा आदर्श होता, आणि १९५७ मध्येच त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली होती. एका वस्तीची बोली व दीर्घ सहवास यांमुळे त्यांची उच्चारांची एकता जणू आयती होती. याउलट १९६९ मध्ये पहिला संग्रह काढणाऱ्या त्रयीपैकी डेव्हिड क्रॉस्बी लॉस एंजेलिसचे, स्टीफन स्टिल्स टेक्ससमध्ये जन्मलेले, तर ग्रॅहम नॅश इंग्लंडचे. तेथे बोली भिन्न असूनही मेळ साधला. त्यावरून उच्चारांची एकता अर्जितही असू शकते, हे दिसून येते.

तथापि एकतेचा अतिरेक तितकाच घातक होय. एकाच गायकाने सर्व भाग गाइल्यास वर्णस्वर सहज जुळतात, पण कंठभेद उरत नाही. एकाच मुद्रणाची प्रत त्यावर ठेवल्यास आवाज केवळ मोठा होतो. ती एक सहस्रांश सेकंद मागे सरकविली, तर ५००, १५००, २५०० अशा कंप्रता लोपून ध्वनी पोकळ बनतो. पुन्हा प्रत्यक्ष गाऊन केलेल्या दुसऱ्या मुद्रणात काल व सूर यांचे सूक्ष्म, सतत बदलणारे अंतर असते. जुन्या ध्वनिमुद्रिकांतील भरीवपणा बव्हंशी त्याचे फळ आहे. सूर सुधारणारी संगणकीय साधने नेमके हेच अंतर पुसून टाकतात. शिवाय ती सामान्यतः समविभाजित सप्तकाचा आधार घेतात. त्यात गांधार षड्जापासून ४०० सेंटांवर, म्हणजे सप्तकाच्या १२०० भागांपैकी ४०० व्या भागावर, असतो. तंबोऱ्यातून उमटणारा स्वयंभू गांधार सुमारे ३८६ वर येतो. लांबविलेल्या स्वरमेळात गायकाचा कान ज्या विश्रांतिस्थानाकडे ओढ घेतो, तेथून यंत्र त्याला दूर नेते.

पुनर्निर्मितीचा क्रम यावरून निश्चित होतो. प्रथम गीताचे शब्द सुराविना, एकत्र व लयीत म्हणावेत. प्रत्येक दीर्घ अक्षरातील स्वर आणि त्याचा शेवट ठरवावा. नंतर शक्य तर एकाच ध्वनिग्राहकासमोर उभे राहून गावे, म्हणजे परस्परांचा उच्चार ऐकून तो तेथल्या तेथे सावरता येतो. दुसरे मुद्रण त्यानंतर, तेही पुन्हा गाऊनच, करावे. यंत्राचे काम सर्वांत शेवटी येते. उच्चार एक आणि कंठ अनेक, या दोहोंपैकी एकही अंग सुटले तर जुळलेले सूर हाती राहतात, मेळ राहत नाही.