पोरं कॉम्प्युटरवर खेळतात तो सामना बघायचा कसा?

आमच्या भागातल्या गटांच्या मासिक बैठकांत कर्जाच्या कारणांमध्ये हल्ली एक नवं कारण ऐकू येतंय. शेळी, शिलाई मशीन, मुलीची फी, घराची गळती ही कारणं आपल्या ओळखीची. आता त्यात भर पडली आहे 'मुलाला गेमिंगचा कॉम्प्युटर' याची. रक्कम साठ-सत्तर हजारांच्या घरात. एक बाई म्हणते, हा जुगारच आहे, देऊ नका. दुसरी म्हणते, अगं, यात बक्षिसं असतात. आणि जिनं अर्ज केलाय ती आई खाली मान घालून बसते, कारण पोरगा नेमकं काय खेळतो हे तिलाही सांगता येत नाही. म्हणून आज या खेळाबद्दल बोलू. कर्ज द्यायचं की नाही हे तुमचा गट ठरवेल.

आधी जुगाराचं बघू. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ वेगळे आणि स्पर्धेचे खेळ वेगळे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं कायदा करून पैसे लावायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, आणि त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्स, म्हणजे कॉम्प्युटरवरचे स्पर्धेचे खेळ, यांना मान्यता दिली. स्पर्धेला नोंदणी फी असू शकते, बक्षीस असू शकतं, पण पैज लावता येत नाही. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत हे खेळ पहिल्यांदा प्रदर्शनी म्हणून आले, तेव्हा गुजरातमधल्या भुजच्या तीर्थ मेहता यानं 'हार्थस्टोन' या खेळात कांस्य मिळवलं. तो खेळ पत्त्यांसारखा आहे, आणि त्याला काही भारी कॉम्प्युटर लागत नाही.

आता एक खेळ नीट समजून घेऊ. 'काउंटर-स्ट्राइक' घेऊ, कारण तो सगळ्यात जुन्यांपैकी एक. १९९९ मध्ये दोन पोरांनी दुसऱ्या एका खेळात बदल करून तो बनवला, आणि आजही तो जगभर खेळला जातो. त्याची आताची आवृत्ती २०२३ ची. आपल्याकडची पोरं 'व्हॅलोरंट' खेळतात, तोही याच जातीचा. बंदुकांचा खेळ आहे, लहान लेकरांचा नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

पाच जण एका बाजूला, पाच दुसऱ्या. एका संघानं ठरलेल्या दोन जागांपैकी एका जागी बॉम्ब ठेवायचा, दुसऱ्यानं तो ठेवू द्यायचा नाही, ठेवलाच तर निकामी करायचा. एक डाव १ मिनिट ५५ सेकंदांचा. बॉम्ब ठेवला की ४० सेकंदांत फुटतो. बारा डाव झाले की बाजू बदलतात, आणि जो आधी तेरा डाव जिंकेल तो सामना जिंकला. जो मेला तो त्या डावापुरता बाहेर, कबड्डीतल्या बाद गड्यासारखा. फक्त इथं त्याला मधेच परत आत आणता येत नाही.

आणि आता जे सांगतो ते ऐकून तुम्ही हसाल. या खेळाचा जीव बचतीत आहे! प्रत्येक डावाआधी खेळाडू हत्यारं विकत घेतात, खेळातल्याच खोट्या पैशांनी. सुरुवातीला प्रत्येकाजवळ ८०० डॉलर. चांगली रायफल २७०० ची, चिलखत आणि टोप मिळून १००० चं. म्हणजे पहिल्या डावात कुणालाच काही धड परवडत नाही. डाव जिंकला की माणशी ३२५० किंवा त्याहून थोडे जास्त मिळतात. हरलेल्यांनाही मिळतात, आणि लागोपाठ हरत गेलं तर ती रक्कम वाढत वाढत ३४०० पर्यंत जाते, म्हणजे हरणारा संघ पार बुडत नाही. पैसे कमी असले की संघ काय करतो? सगळे मिळून ठरवतात की हा डाव काही विकत घ्यायचं नाही, हरू, पण पुढच्या डावाला पाचही जण पुरे तयार होऊन उतरू. एकानं हट्टानं आपल्यापुरती खरेदी केली की संघाचं गणित फिसकटतं. ज्याच्याजवळ जास्त आहे तो दुसऱ्याला रायफल घेऊन देतो. जिवंत राहिलात तर हत्यार पुढच्या डावाला तुमच्याकडेच राहतं, म्हणून कधीकधी हरलेला डाव सोडून गडी पळून जातो, नुसती बंदूक वाचवायला. आम्ही गटांच्या प्रशिक्षणात तासभर घसा कोरडा करून जे सांगतो, ते ही पोरं रोज रात्री करत असतात.

आता कॉम्प्युटरचं. दुकानदार पहिल्यांदा तुम्हाला रंगीत दिवे लावलेली पेटी दाखवेल. त्या दिव्यांनी खेळ सुधारत नाही. शर्यतीच्या गाडीसारखी खुर्चीही नंतरची गोष्ट. खेळाला तीन ठिकाणी कस लागतो, डोळा, हात आणि कान, आणि पैसा तिकडं जायला हवा.

डोळ्यासाठी मॉनिटर. साधा पडदा सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतो, म्हणजे दर १६ ते १७ मिलिसेकंदांनी. १४४ हर्ट्झचा पडदा दर सात मिलिसेकंदांनी बदलतो. कोपऱ्यातून डोकावणारा गडी त्यावर जरा आधी आणि सलग दिसतो. पण पडद्याला तितकी चित्रं पुरवायला आतलं यंत्रही हवं. या जातीच्या खेळांना प्रोसेसर चांगला लागतो. ग्राफिक्स कार्ड मधल्या किमतीचं चालतं, सगळ्यात महागाची गरज नाही. मेमरी १६ जीबी, आणि ती ८-८ च्या दोन पट्ट्यांत घ्यावी, एकाच पट्टीपेक्षा काम वेगानं होतं. साठवणीला एसएसडी. घरी आणल्यावर दोन गोष्टी तपासा. पडद्याची वायर ग्राफिक्स कार्डाच्या खाचेत लावली आहे ना, आणि सेटिंगमध्ये १४४ निवडलं आहे ना. नाहीतर पैसे मोजले १४४ चे आणि दिसतंय ६० चं, असं सहज होतं.

हातासाठी चांगला माऊस आणि भलीमोठी कापडी पॅड. कानासाठी वायरचा हेडफोन, कारण पावलांचा आवाज डावीकडून आला की उजवीकडून यावर डाव फिरतो. बिनवायरीचे स्वस्त ब्लूटूथ हेडफोन घेऊ नयेत, त्यात आवाज उशिरा पोचतो.

जुना कॉम्प्युटर घेत असाल तर एक विचारून घ्या, विंडोज ११ आणि टीपीएम २.० त्यावर चालतं का. विंडोज ११ वर ते नसेल तर व्हॅलोरंट सुरूच होत नाही. लॅपटॉप की डेस्कटॉप? आमचं मत डेस्कटॉप. एक भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो, लॅपटॉप तापतो आणि दुरुस्ती महाग पडते.

इंटरनेटचा वेग किती यापेक्षा निरोप सर्व्हरपर्यंत जाऊन यायला किती वेळ लागतो ते महत्त्वाचं. त्याला पिंग म्हणतात. या दोन्ही खेळांचे सर्व्हर मुंबईत आहेत, त्यामुळे फायबरची वायर घरात असेल तर आपल्याकडं पिंग चांगला येतो. मोबाइलच्या टॉवरवर तो वरखाली होत राहतो, आणि ऐन मोक्याला गडी जागच्या जागी गोठतो.

विजेचं तर तुम्हाला आम्ही काय सांगणार. घराचं अर्थिंग आधी बघून घ्या. यूपीएस घ्यावा लागेल, आणि बँकेच्या टेबलाखाली असतो तो ६०० व्हीएचा छोटा यूपीएस ग्राफिक्स कार्डाच्या कॉम्प्युटरला बहुतेक पुरत नाही. १००० व्हीए किंवा वरचा बघा. हा खर्च दुकानदार अंदाजपत्रकात धरत नाही, आणि मग गटाकडं दुसरा अर्ज येतो.

हप्त्याबद्दल स्पष्टच बोलतो. २०२१ मध्ये 'डोटा २' च्या जागतिक स्पर्धेचं एकूण बक्षीस चार कोटी डॉलरच्या वर होतं. हा आकडा पोरांना पाठ असतो. पण तिथं जगातले अठराच संघ होते. बक्षिसाच्या भरवशावर हप्ता बांधू नका. हाच कॉम्प्युटर व्हिडिओ एडिटिंगला, नकाशे काढायला, गटाच्या हिशोबाला उत्तम चालतो. त्यातून महिन्याला काय येईल ते अर्जात लिहायला लावा. आणि घरात एक नियम करा. खेळ फुकट असतो, पण बंदुकीवरची रंगीत नक्षी विकत मिळते. तिनं खेळात काही फायदा होत नाही. तुमच्या फोनचा यूपीआय पिन तुमच्यापाशीच राहू द्या.

आता बघण्याकडं येऊ. पोराच्या मागं उभं राहून बघितलं की डोकं गरगरतं आणि काहीच कळत नाही. यात तुमचा दोष नाही. तुम्हाला दहातल्या एकाच्या डोळ्यातून दिसतं, बाकी नऊ कुठं आहेत ते दिसत नाही. स्पर्धेच्या प्रक्षेपणात म्हणून एक माणूस खेळत नाही, फक्त कॅमेरा चालवतो. त्याला ऑब्झर्व्हर म्हणतात. कुणाची गाठ कुणाशी पडणार हे त्याला आधी ओळखावं लागतं. प्रेक्षकांना भिंतीपलीकडच्या गड्यांच्या आकृत्या दिसतात, कोपऱ्यात नकाशा असतो, खाली कुणाकडं किती पैसे ते असतं. खेळाडूंना माहीत नसलेलं आपल्याला माहीत असतं, आणि मजा तिथंच येते. बॉम्ब निकामी करायला दहा सेकंद लागतात, पण ४०० ची किट घेतली असेल तर पाचच. घड्याळात सात सेकंद उरलेत आणि गडी बॉम्बवर वाकलाय. त्याच्याकडं किट आहे का? हे ज्याला कळलं तो जागचा उठतो. ज्याला कळलं नाही त्याला नुसता एक माणूस वाकलेला दिसतो.

तेवढं सांगायचं काम निवेदकाचं. बहुतेक ठिकाणी दोन असतात, एक धावतं वर्णन करतो, दुसरा असं का झालं ते सांगतो. कुस्तीच्या फडात निवेदक डावाचं नाव घेतो तेव्हा मागच्या माणसाला कुस्ती दिसते, तसंच हे.

कबड्डी आपण जन्मापासून बघतोय, पण २०१४ ला प्रो कबड्डी टीव्हीवर आली तेव्हा चढाईचं ३० सेकंदांचं घड्याळ पडद्यावर दिसायला लागलं, तिसऱ्या चढाईला 'करो या मरो' आलं, आणि कधी न बघणाऱ्या बायकाही बसल्या. काउंटर-स्ट्राइकनंही २०२३ मध्ये सोळाऐवजी तेरा डावांचा सामना केला. सामने आटोपशीर झाले आणि प्रत्येक डावाला किंमत आली. दक्षिण कोरियात तर २००० साली या खेळांसाठी वेगळं टीव्ही चॅनेलच सुरू झालं, आणि २००४ मध्ये बुसानच्या समुद्रकिनाऱ्यावर 'स्टारक्राफ्ट' चा अंतिम सामना बघायला लाखभर माणसं आल्याचं सांगतात.

आपल्याकडं मराठीत बोलणारे निवेदक हवेतच. मुलींनीही यात यावं. व्हॅलोरंटची मुली-महिलांसाठी वेगळी स्पर्धामालिका २०२१ पासून चालू आहे.

गावात एखाद्या सुट्टीत सामना ठेवणार असाल तर एक जास्तीचा कॉम्प्युटर ऑब्झर्व्हरला द्या आणि प्रोजेक्टर त्यालाच जोडा. बोलायला दोघी जणी बसवा, त्यातली एक खेळ येणारी, दुसरी प्रश्न विचारणारी. आणि खेळाडूंना शाळेच्या वेगळ्या खोलीत बसवा, पडदा दुसऱ्या खोलीत. मोठ्या स्पर्धांतही खेळाडूंच्या कानावर हेडफोन असतात आणि प्रक्षेपण थोडं उशिरानं दाखवतात, ते याचसाठी. नाहीतर भिंतीपलीकडचा गडी पडद्यावर दिसला रे दिसला, की पहिल्या रांगेतली कुणीतरी आजी 'अरे बाळा, दाराआड आहे तो!' असं ओरडल्याशिवाय राहायची नाही.