आपल्या लेखनाची वार्ता आपण कशी द्यावी?



२२ जून २०१५ च्या शासननिर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम सुरू झाला व पुढील काळात आपल्यामध्ये तंत्रस्नेही शिक्षकांचा एक मोठा वर्ग उदयास आला. त्यांपैकी अनेकांनी स्वतःचे ब्लॉग सुरू केले. कोणी भागाकाराची उदाहरणे रचली, कोणी कृतिपत्रिका तयार केल्या, तर कोणी शासननिर्णय एके ठिकाणी जमविले. द्विशिक्षकी शाळेत चार वर्ग सांभाळणाऱ्या गुरुजींना या साहित्याचा आधार झाला, यात शंका नाही. परंतु लिहिलेले वाचकांपर्यंत पोहोचविण्याची रीत आपण अद्याप पुरती शिकलेलो नाही. त्या रीतीचा विचार येथे करावयाचा आहे.

पूर्वी लेखक व वाचक यांच्यामध्ये संपादक असे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांसारख्या विद्वानाने ज्याचे संपादन केले, त्या ‘शालापत्रका’त काय छापावे याचा निर्णय लेखकाकडे नव्हता. ब्लॉगावर मात्र लेखक, संपादक, मुद्रक व वितरक हे सर्व आपणच असतो. हे स्वातंत्र्य मोठे आहे. म्हणूनच संपादकाचा संयमही आपणच पाळावयास हवा.

या बाबतीत माझ्या हातून घडलेला दोष सांगतो. काही वर्षांपूर्वी वाचनाच्या पूर्वतयारीवर मी एक लेख लिहिला व त्याची लिंक एका सायंकाळी पाच व्हॉट्सॲप गटांवर टाकली. दुसऱ्या दिवशी ‘आपण वाचलात काय?’ असे विचारून ती पुन्हा टाकली. त्याच दिवशी एका गटावर स्पर्धापरीक्षेची वेळ तासभर अलीकडे आणल्याची सूचना आली होती. माझी लिंक व तिच्यावरील अभिनंदनाचे संदेश यांखाली ती दडून गेली. एका शाळेतील बाई मुलांना घेऊन जुन्याच वेळी केंद्रावर आल्या. मुले धापा टाकीत वर्गात शिरली तेव्हा इतरांचे निम्मे प्रश्न सोडवून झाले होते. बाई मला एक शब्दही बोलल्या नाहीत. परंतु गट हा आपल्या कौतुकाचा फलक नव्हे, हे मला त्या दिवशी कळले. आपल्या शिरोळ तालुक्याने २०१९ व २०२१ चे महापूर पाहिले आहेत. अशा दिवसांत सूचना नजरेआड झाली, तर हानी एका परीक्षेपुरती राहणार नाही.

तेव्हा पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली गोष्ट स्थानाची. प्रशासकीय सूचनांच्या गटावर लेखाची लिंक टाकू नये. शैक्षणिक साहित्याचा गट निराळा असावा व तेथेही एक लेख एकदाच द्यावा. स्वतःच्या ‘स्टेटस’वर तो खुशाल ठेवावा, ते चोवीस तासांनी आपोआप जाते व ज्याला पाहावयाचे तोच पाहतो.

दुसरी गोष्ट परिचयाची. नुसती लिंक टाकून ‘अवश्य वाचा’ म्हणणे म्हणजे झाकलेली टोपली पुढे करून ‘घ्या’ म्हणण्यासारखे आहे. ‘इयत्ता तिसरी, हातच्याची वजाबाकी, दहा उदाहरणे, छापण्याजोगे एक पान’ एवढे लिहिले, की ज्याला हवे तो उघडील व इतरांचा वेळ वाचेल.

तिसरी गोष्ट श्रेयाची. दुसऱ्याची कृतिपत्रिका घेतल्यास त्याचे नाव व मूळ लिंक द्यावी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखनाचा पहिला हक्क सामान्यतः लेखकाचाच असतो. मात्र कायदा बाजूस ठेवला, तरी मुलांना ‘नक्कल करू नका’ म्हणणाऱ्याने हे पाळलेच पाहिजे.

चौथी गोष्ट देवघेवीची. जो फक्त आपलीच लिंक देतो व इतरांचे कधी वाचत नाही, त्याचा संदेश लोक हळूहळू न उघडताच पुढे सारतात. इतरांच्या चांगल्या लेखांचीही वार्ता द्यावी. कोणी चूक दाखविल्यास आभार मानून ती सुधारावी.

पाचवी गोष्ट लाभाची. ब्लॉगावर जाहिराती असल्यास ‘जाहिरातीवर क्लिक करा’ अशी विनंती कदापि करू नये. गूगलच्या जाहिरातसेवेचे नियमही तिला मनाई करतात.

यांखेरीज २८ जुलै २०२५ रोजी राज्य शासनाने कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यमवापराबाबत मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत. सांघिक कार्याची माहिती देण्यास त्यांत मुभा आहे. परंतु स्वतःची प्रशंसा होणार नाही, याची दक्षता घ्यावयाची आहे. समर्थांनी मूर्खांच्या लक्षणांत आत्मस्तुतीची गणना केली, ती याच कारणाने म्हणावी लागेल.

याचा अर्थ संकोचाने गप्प बसावे, असा मात्र नाही. उपयुक्त साहित्य स्वतःपाशीच दडवून ठेवणे हाही दोषच होय. लिंक पाठविण्यापूर्वी स्वतःला एकच प्रश्न विचारावा : ‘या लेखावर माझे नाव नसते, तरी मी तो या बांधवांना आज पाठविला असता काय?’ उत्तर होकारार्थी आले, तर निःशंकपणे पाठवावा. पुढील शिक्षण परिषदेत प्रत्येक केंद्राने यावर चर्चा करून आपल्या गटापुरते चार नियम ठरवावेत, ही विनंती.