गिट स्टॅश: अर्धवट कोड किती वेळ बाजूला ठेवायचा?

विश्लेषणाचा कोड अर्धा बदललाय, धड चालतही नाहीये, आणि तेवढ्यात गाइडचा मेसेज येतो: जुन्या आलेखातली चूक आधी दुरुस्त कर. असा मोडका कोड कमिट करणं नको वाटतं ना? मग ‘गिट स्टॅश’ म्हणा. केलेले बदल बाजूला जातात, फाइली शेवटच्या कमिटला होत्या तशा होतात. दुरुस्ती झाली की ‘गिट स्टॅश पॉप’. 2007 पासून ही सोय आहे.

मेख अशी, की ज्या नव्या फाइली तुम्ही गिटमध्ये ॲडच केलेल्या नाहीत, त्यांना स्टॅश हातही लावत नाही. त्या सुरक्षित आहेत समजून कुणी ‘गिट क्लीन’ने फोल्डर साफ केलं, की गेल्या कायमच्या! त्यांच्यासाठी ‘गिट स्टॅश डॅश यू’. पॉप करताना कॉन्फ्लिक्ट आला तर मात्र घाबरू नका, स्टॅश पुसला जात नाही.

आणि स्टॅश फक्त तुमच्या मशीनवर असतो; नेहमीच्या पुशबरोबर गिटहबवर जात नाही. चहा पिऊन येईपर्यंत ठीक. महिनाभर भारतात निघाला असाल, तर वेगळी ब्रँच काढा, ‘अर्धवट’ असं बिनधास्त लिहून कमिट करा आणि पुश करूनच बॅग भरा.